शक्ती दुप्पट केली तरी पल्ला दुप्पट का होत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सपाट, मोकळ्या जागेत दूरच्या सेन्सरची माहिती आणण्यासाठी ४३३ मेगाहर्ट्झची मॉड्यूल बसवली आहेत. ट्रान्समीटरची शक्ती १०० मिलिवॉट आहे, डेटाशीटमध्ये रिसीव्हरची संवेदनशीलता, म्हणजे त्याला वाचता येणारा सर्वांत क्षीण सिग्नल, उणे १०५ डीबीएम (शक्तीचे डेसिबलमधले माप) दिली आहे आणि दोन्ही अँटेना जमिनीपासून दीड मीटर उंचीवर आहेत. पुस्तकातल्या सूत्राने पल्ला सुमारे ९८ किलोमीटर येतो, प्रत्यक्षात मात्र ६०० मीटरच्या पुढे पॅकेट गळू लागतात. शक्ती २०० मिलिवॉट करून पाहिली तेव्हा जेमतेम शंभर-सव्वाशे मीटरची भर पडली. आता आणखी शक्तीचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा, उणे १२० डीबीएमचा रिसीव्हर घ्यावा, की आहे त्याच रिसीव्हरच्या आधी आलेला सिग्नल मोठा करणारा प्रिअ‍ॅम्प्लिफायर लावावा, असा पेच आहे.

यातले सगळे आकडे एकमेकांशी जुळतात, हे आधी सांगतो. मॉड्यूल सदोष असल्याचे यावरून दिसत नाही आणि सूत्रही खोटे नाही. ते सूत्र ज्या परिस्थितीसाठी आहे ती परिस्थिती इथे नाही, एवढेच. पल्ला ना ट्रान्समीटरच्या शक्तीवर ठरतो, ना रिसीव्हरच्या संवेदनशीलतेवर. ट्रान्समीटरने दिलेले आणि रिसीव्हरला त्या ठिकाणच्या गोंगाटात लागणारे, यांच्यातला फरक वाटेवर किती झपाट्याने खर्च होतो, यावर तो ठरतो. म्हणून खरेदीच्या आधी हा खर्च कुठे होतो आहे ते शोधले पाहिजे.

हिशेबासाठी डेसिबलची सवय करून घेणे अपरिहार्य आहे. १ मिलिवॉट म्हणजे ० डीबीएम, १० मिलिवॉट म्हणजे १० डीबीएम, १०० मिलिवॉट म्हणजे २० डीबीएम आणि १ वॉट म्हणजे ३० डीबीएम. शक्ती दुप्पट झाली की ३ डेसिबल वाढतात, दहापट झाली की १०. जुन्या रिसीव्हरच्या माहितीपत्रकात संवेदनशीलता मायक्रोव्होल्टमध्ये दिलेली असते. ५० ओहमच्या इनपुटवर १ मायक्रोव्होल्ट म्हणजे उणे १०७ डीबीएम आणि पाव मायक्रोव्होल्ट म्हणजे उणे ११९ डीबीएम, एवढे लक्षात ठेवले तर दोन्ही प्रकारचे आकडे शेजारी ठेवून पाहता येतात.

तुमच्या जोडणीत ट्रान्समीटर २० डीबीएम देतो आणि रिसीव्हरला किमान उणे १०५ डीबीएम हवे आहे. अँटेनांचा लाभ (गेन) आणि केबल-कनेक्टरची तूट एकमेकांना फेडतात असे तूर्त धरले, तर वाटेवर गमावण्यासाठी तुमच्याकडे १२५ डेसिबल आहेत. हॅरल्ड फ्रिस यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या मोकळ्या अवकाशाच्या सूत्रानुसार ४३३ मेगाहर्ट्झला पहिल्या किलोमीटरमध्ये सुमारे ८५ डेसिबल जातात आणि त्यापुढे अंतर दुप्पट होताना दर वेळी फक्त ६ डेसिबल. उरलेल्या ४० डेसिबलमध्ये ९८ किलोमीटर सहज बसतात. पण मोकळे अवकाश याचा अर्थ खरोखरच आजूबाजूला काहीही नसणे, खाली जमीनसुद्धा नसणे. शिवाय दीड-दीड मीटर उंचीच्या दोन अँटेनांमध्ये रेडिओ क्षितिजच सुमारे १० किलोमीटरवर येते. त्यामुळे ९८ हा आकडा पहिल्याच नजरेत बाजूला ठेवायला हवा होता.

जमीन नेमके काय करते, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण तुमच्या अडचणीचे मूळ तिथेच आहे. रिसीव्हरच्या अँटेनाकडे दोन लहरी येतात. एक सरळ येते आणि दुसरी जमिनीवर आपटून येते. अंतर जास्त आणि अँटेना ठेंगण्या असल्या की दुसरी लहर जमिनीला जवळजवळ घासत येते, आणि अशा तिरक्या परावर्तनात तिची कला (फेज) उलटते. दोन्ही वाटांच्या लांबीत फरक नगण्य असल्यामुळे ही उलटलेली लहर सरळ लहरीला बरीचशी खोडून टाकते, आणि अंतर वाढते तसतसे हे खोडणे अधिकाधिक पूर्ण होत जाते. परिणामी सिग्नल अंतराच्या वर्गाऐवजी अंतराच्या चौथ्या घाताने घटू लागतो. अंतर दुप्पट करण्याची किंमत ६ डेसिबल न राहता १२ डेसिबल होते.

ही घसरण कुठून सुरू होते याचा ढोबळ हिशेब असा: दोन्ही उंचींच्या गुणाकाराची चौपट घ्यावी आणि तिला तरंगलांबीने भागावे. ४३३ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ६९ सेंटिमीटर असते, म्हणजे तुमच्या बाबतीत ते अंतर अवघे १३ मीटर भरते. त्यापुढची सगळी वाट चौथ्या घाताची आहे. या हिशेबाने १ किलोमीटरवरची तूट ८५ ऐवजी ११३ डेसिबल होते. हे २८ डेसिबल जमिनीने नेले. हीच गोष्ट फ्रेस्नेल झोनच्या, म्हणजे दोन अँटेनांमधल्या सरळ रेषेभोवती सिग्नलला लागणाऱ्या लंबगोल जागेच्या, भाषेतही सांगता येते. १ किलोमीटरच्या दुव्यासाठी मध्यावर पहिल्या झोनची त्रिज्या सुमारे १३ मीटर असते आणि तिचा निदान ६० टक्के भाग, म्हणजे जवळपास ८ मीटर, मोकळा असावा लागतो. समोरची अँटेना डोळ्यांना दिसते म्हणजे वाट मोकळी आहे, हा समज म्हणूनच फसवा आहे. दीड मीटरवरच्या अँटेनांसाठी जमीन हाच मोठा अडथळा असतो.

तरीही १२५ डेसिबलमध्ये या नियमाने सुमारे २ किलोमीटर यायला हवेत, मग ६०० मीटरवरच पॅकेट का गळतात? कारण उणे १०५ ही रिसीव्हरची शेवटची पायरी आहे आणि प्रत्यक्षातला सिग्नल एका पातळीवर स्थिर राहत नाही. आजूबाजूची झाडे, कुंपणे, वाहने, माणसे यांच्यावरून परावर्तित झालेल्या लहरी कधी एकमेकींना साथ देतात, कधी मारक ठरतात. थेट वाट जवळजवळ बंद असेल आणि सिग्नल केवळ परावर्तनांनीच पोहोचत असेल, तर १०० पैकी ९० वेळा संदेश पोहोचावा यासाठी सरासरीपेक्षा सुमारे १० डेसिबल, ९९ वेळा पोहोचावा यासाठी सुमारे २० डेसिबल आणि हजारात ९९९ वेळा पोहोचावा यासाठी सुमारे ३० डेसिबल हाती राखून ठेवावे लागतात. थेट वाट मोकळी असेल तर ही गरज कमी होते. तुमच्या दुव्यात २० डेसिबल राखीव धरले की खर्चायला १०५ उरतात, आणि चौथ्या घाताच्या नियमाने त्यात सुमारे ६३० मीटर बसतात. तुमच्या निरीक्षणाशी हे जुळते.

या चढउतारांचा एक व्यावहारिक पैलू आहे. सिग्नलच्या खोल खळग्यांमधले अंतर साधारण अर्ध्या तरंगलांबीएवढे असते. त्यामुळे अँटेना केवळ १७ सेंटिमीटर बाजूला सरकवली तरी काही वेळा सिग्नल १५-२० डेसिबलने सुधारतो. एका जागी नीट न चालणारे उपकरण ‘पल्ल्याबाहेर’ ठरवण्याआधी ते वीतभर इकडे-तिकडे हलवून पाहावे. दोन अँटेना असलेले रिसीव्हर घेतले जातात तेही याच कारणासाठी, कारण दोन्ही अँटेना एकाच वेळी खळग्यात सापडण्याची शक्यता बरीच कमी असते.

आता शक्ती दुप्पट करण्याचा प्रयोग पाहू. त्याने ३ डेसिबल मिळाले. मोकळ्या अवकाशात ३ डेसिबलने पल्ला १.४१ पट होतो, चौथ्या घाताच्या वाटेवर फक्त १.१९ पट. ६०० चे साधारण ७१५ होतात, आणि तुम्हाला तेवढेच मिळाले. पल्ला खरोखर दुप्पट करायचा तर १२ डेसिबल, म्हणजे सोळापट शक्ती लागेल: १०० मिलिवॉटऐवजी १.६ वॉट. बॅटरीवर चालणाऱ्या सेन्सरला ती परवडत नाही. शिवाय परवान्याशिवाय वापरता येणाऱ्या पट्ट्यांत शक्तीची कमाल मर्यादा प्रत्येक देशाने ठरवून दिलेली असते आणि ४३३ मेगाहर्ट्झला ती कित्येक ठिकाणी १०० मिलिवॉटपेक्षाही बरीच खाली आहे. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरचा विचार करण्याआधी आपण आज वापरत असलेली शक्ती तरी नियमात बसते का, हे तपासून घ्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. जास्त शक्तीचा त्रास त्याच पट्ट्यातल्या इतर सर्वांना होतो.

याउलट उंचीचे पाहा. चौथ्या घाताच्या वाटेवर कोणत्याही एका अँटेनाची उंची दुप्पट केली की ६ डेसिबल मिळतात. रिसीव्हरची अँटेना दीड मीटरवरून ६ मीटरवर नेली तर १२ डेसिबल, म्हणजे शक्ती सोळापट केल्याएवढाच लाभ, आणि तोही एका साध्या पाइपाच्या खर्चात. हा लाभ दोन्ही दिशांना मिळतो, बॅटरी खात नाही आणि कोणालाही उपद्रव देत नाही. तुमच्या जागी मी पहिली सुधारणा हीच करेन.

मात्र अँटेना वर नेताना केबलकडे लक्ष हवे. आरजी-५८ जातीच्या साध्या केबलमध्ये ४३३ मेगाहर्ट्झला दर १० मीटरला ३ ते ४ डेसिबल जातात, म्हणजे निम्म्याहून अधिक शक्ती केबलमध्येच जिरते. हातात असलेली लांब केबल गुंडाळी करून तशीच ठेवणे ही नेहमी दिसणारी चूक आहे. शक्य असेल तर संपूर्ण मॉड्यूलच जलरोधक डब्यात घालून वर अँटेनाशेजारी न्यावे आणि खाली फक्त वीज व डेटाची तार आणावी. अँटेनाही तपासून घ्यावी. पाव तरंगलांबीच्या तारेची लांबी ४३३ मेगाहर्ट्झला सुमारे १७.३ सेंटिमीटर असते आणि तिला खाली धातूचा पृष्ठभाग किंवा तेवढ्याच लांबीच्या आडव्या काड्या लागतात. त्यांच्याशिवाय ती अर्धीच अँटेना राहते. मॉड्यूलसोबत येणारी स्प्रिंगसारखी छोटी अँटेना जागा वाचवते, पण त्या बदल्यात बरेच डेसिबल घेते. एक अँटेना उभी आणि दुसरी आडवी असेल तर ध्रुवण जुळत नाही आणि २० डेसिबलपर्यंतची तूट येऊ शकते. त्यावर उपाय फुकट आहे: दोन्ही उभ्या ठेवाव्यात.

संवेदनशीलतेचा आकडा नेमका काय सांगतो, इकडे आता वळतो. पुष्कळांना वाटते की संवेदनशील रिसीव्हर म्हणजे सिग्नल जास्त मोठा करणारा रिसीव्हर. मोठे करणे स्वस्त आहे, हवे तेवढे करता येते. अडचण गोंगाटाची आहे, कारण सिग्नलबरोबर तोही मोठा होतो. कोणत्याही वाहकात उष्णतेमुळे विद्युत गोंगाट निर्माण होतो. जॉन्सन यांनी तो मोजला आणि नायक्विस्ट यांनी त्याचे गणित मांडले, दोघांचे निबंध १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या तापमानाला हा गोंगाट बँडविड्थच्या, म्हणजे रिसीव्हर ऐकतो त्या वारंवारतांच्या पट्ट्याच्या रुंदीच्या, प्रत्येक हर्ट्झमागे उणे १७४ डीबीएम असतो. हा तळ कोणत्याही कारखान्याला खाली नेता येत नाही.

या तळावर तीन गोष्टींची बेरीज केली की संवेदनशीलता मिळते. पहिली, रिसीव्हरची बँडविड्थ: खिडकी जितकी रुंद, तितका गोंगाट जास्त आत येतो. दुसरी, रिसीव्हरने स्वतः घातलेली गोंगाटाची भर, म्हणजे नॉइज फिगर. तिसरी, निवडलेल्या मॉड्युलेशनला, म्हणजे लहरीवर माहिती चढवण्याच्या पद्धतीला, गोंगाटापेक्षा किती वरचा सिग्नल लागतो ते. तुमच्यासारख्या मॉड्यूलमध्ये बँडविड्थ २०० किलोहर्ट्झ धरली तर तिचे ५३ डेसिबल, नॉइज फिगरचे ६ आणि मॉड्युलेशनची गरज १०. उणे १७४ मध्ये हे ६९ मिळवले की उणे १०५ येतात. म्हणजे डेटाशीटमधला आकडा कुठून आला ते तुम्ही स्वतः पडताळू शकता. ज्या आकड्याची अशी फोड जमत नाही, त्याच्याबद्दल सावध राहावे. ‘उणे १२० डीबीएम’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते, पण तो कोणत्या डेटा वेगाला, कोणत्या बँडविड्थला आणि चुकांचे किती प्रमाण मान्य धरून मोजला आहे हे बारीक अक्षरांत असते, किंवा नसतेच. ब्लूटूथमध्ये हजार बिटांमागे एक चूक हा मूळ निकष आहे, वायफायच्या मानकात १० टक्के पॅकेट गळणे मान्य धरलेले आहे. दोन निकषांनी मोजलेले आकडे शेजारी ठेवून खरेदी करणे योग्य नाही.

वेग आणि पल्ला यांचा व्यवहार वायफायच्या मानकात स्वच्छ दिसतो. २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर ६ मेगाबिट वेगासाठी किमान संवेदनशीलता उणे ८२ डीबीएम सांगितलेली आहे आणि ५४ मेगाबिटसाठी उणे ६५. हा १७ डेसिबलचा फरक मोकळ्या अवकाशात पल्ला सातपट करतो. रिसीव्हर तोच, अँटेना तीच, फक्त प्रत्येक बिटाला मिळणारी ऊर्जा वेगळी. या तत्त्वाचे टोक पाहायचे तर उपग्रह दिशादर्शनाकडे पाहावे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या जीपीएस उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर साधारण उणे १३० डीबीएम असतो आणि त्याच्या २ मेगाहर्ट्झ रुंदीतला उष्णतेचा गोंगाट उणे १११. सिग्नल गोंगाटाच्या जवळपास २० डेसिबल खाली असूनही प्रत्येक साध्या फोनला तो मिळतो, कारण संकेत आधीपासून ठाऊक असतो, माहिती सेकंदाला अवघे ५० बिट एवढ्या संथपणे येते आणि रिसीव्हर बराच काळ बेरीज करत राहतो. १९७७ मध्ये सुटलेल्या व्हॉएजर-१ यानाचा ट्रान्समीटर २०-२५ वॉटांच्या घरातला आहे. त्याचा आवाज ७० मीटर व्यासाच्या अँटेनांनी टिपला जातो, आणि तोही सेकंदाला १६० बिट एवढ्या वेगाने. अंतर जिंकण्याचे मार्ग तिथेही हेच आहेत: मोठी अँटेना, शांत रिसीव्हर आणि संयम.

म्हणून उणे १२० डीबीएमच्या रिसीव्हरबद्दल विचारायचे ते हे, की जास्तीचे १५ डेसिबल त्याने कुठून आणले. नॉइज फिगर सुधारून ते मिळणार नाहीत, कारण ती ६ वरून थेट शून्यावर आणली तरी फक्त ६ डेसिबल हाती लागतात. बहुतेक वेळा ते बँडविड्थ कमी करून मिळवलेले असतात. २०० किलोहर्ट्झऐवजी सुमारे ६ किलोहर्ट्झ केले की १५ डेसिबल मिळतात, आणि डेटाचा वेग त्याच प्रमाणात, साधारण बत्तीसपट, कमी करावा लागतो. सेन्सरचे चार आकडे काही मिनिटांतून एकदा पाठवायचे असतील तर हा सौदा उत्तम आहे. पण एक अट आहे जी माहितीपत्रकात ठळकपणे लिहिलेली नसते. साध्या क्रिस्टलची अचूकता दशलक्षात २० भाग असेल तर ४३३ मेगाहर्ट्झवर ट्रान्समीटर ८.७ किलोहर्ट्झपर्यंत सरकू शकतो, आणि रिसीव्हर तेवढाच उलट दिशेने. ६ किलोहर्ट्झच्या खिडकीसमोरून सिग्नल चक्क बाजूने निघून जाईल. तापमान बदलले की दुवा तुटतो आणि काही वेळाने आपोआप जुळतो, अशी तक्रार आली की मी आधी क्रिस्टल पाहतो. अरुंद बँडविड्थसाठी दोन्ही टोकांना तापमानानुसार दुरुस्ती करणारा ऑसिलेटर, म्हणजे टीसीएक्सओ, लागतो किंवा वारंवारतेची चूक आपोआप सावरणारी व्यवस्था तरी लागते.

लोरा या लांब पल्ल्याच्या, कमी वेगाच्या रेडिओ पद्धतीत हा प्रश्न बराच सौम्य होतो, कारण बँडविड्थ १२५ किलोहर्ट्झच ठेवून प्रत्येक चिन्ह लांबवले जाते. ते किती लांबवायचे हे स्प्रेडिंग फॅक्टर ठरवतो. फॅक्टर ७ ला वेग सेकंदाला सुमारे ५,४७० बिट असतो आणि सिग्नल गोंगाटाखाली साडेसात डेसिबल असला तरी चालतो. फॅक्टर १२ ला वेग सुमारे २९३ बिटांवर येतो आणि सिग्नल गोंगाटाखाली २० डेसिबल असला तरी वाचला जातो. नॉइज फिगर ६ धरली तर संवेदनशीलता अनुक्रमे उणे १२४ आणि उणे १३७ डीबीएमच्या आसपास बसते. तुमच्या उणे १०५ च्या तुलनेत फॅक्टर ७ सुद्धा १९ डेसिबल पुढे आहे, म्हणजे चौथ्या घाताच्या वाटेवर जवळपास तिप्पट पल्ला. थेट फॅक्टर १२ वर जाण्याचा मोह मात्र टाळावा. तिथे छोटासा संदेशही सेकंदाहून अधिक काळ हवेत राहतो, बॅटरी तेवढा वेळ खर्च होते आणि दुसऱ्या कोणाशी टक्कर होण्याची शक्यता वाढते. राखीव डेसिबल पुरतील असा सर्वांत लहान फॅक्टर निवडावा.

आतापर्यंतचा सगळा हिशेब प्रयोगशाळेतला होता. तिथे संवेदनशीलता मोजताना सिग्नल केबलमधून, धातूच्या आवरणात दिला जातो. तुमचा रिसीव्हर उघड्या जगात आहे, आणि माझ्या मते पल्ल्याच्या तक्रारींमध्ये सर्वांत कमी तपासली जाणारी बाब हीच आहे. स्विचिंग पॉवर सप्लाय, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोटारींचे वेगनियंत्रक, एवढेच काय, त्याच डब्यातला प्रोसेसर आणि त्याचा डिस्प्ले, हे सगळे रुंद पट्ट्यात गोंगाट सोडतात. रिसीव्हरच्या स्वतःच्या तळापेक्षा हा बाहेरचा गोंगाट वर असेल तर डेटाशीटमधली संवेदनशीलता फक्त कागदावर उरते. साधारण ३० मेगाहर्ट्झच्या खाली तर वातावरणाचा, आकाशगंगेचा आणि माणसाने निर्माण केलेला गोंगाट इतका असतो, की तिथे अतिशय संवेदनशील रिसीव्हर घेऊन काही साधत नाही. ४३३ मेगाहर्ट्झला निसर्ग बराच शांत असतो, शेजारची यंत्रे नसतात.

ही तपासणी करायला महागडे उपकरण लागत नाही. ट्रान्समीटर पूर्ण बंद ठेवावा आणि रिसीव्हरचा आरएसएसआय, म्हणजे त्याला मिळणाऱ्या शक्तीचा आकडा, सतत वाचत राहावा. २०० किलोहर्ट्झ बँडविड्थ आणि ६ डेसिबल नॉइज फिगर असलेल्या रिसीव्हरने निवांत जागी उणे ११५ डीबीएमच्या आसपास आकडा दाखवायला हवा, चार-पाच डेसिबलचा फरक आरएसएसआयच्या अचूकतेत धरावा. आता शेजारची उपकरणे एकेक करून चालू करावीत. समजा, पॉवर सप्लाय चालू होताच आकडा उणे ९८ वर आला आणि तो बंद करून बॅटरी जोडताच परत खाली गेला. याचा अर्थ तुम्ही १७ डेसिबल त्या सप्लायला देत आहात. कामाची संवेदनशीलता उणे १०५ नसून उणे ८८ आहे आणि पल्ला अडीच पटीहून अधिक आखडला आहे. अशा वेळी नॉइज फिगर कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. अँटेना त्या सप्लायपासून दोन-तीन मीटर दूर नेणे, सप्लायच्या तारांवर फेराइट (गोंगाट अडवणारे चुंबकीय कडे) चढवणे, रिसीव्हर धातूच्या डब्यात घालून अँटेना बाहेर काढणे, हे उपाय कामाला येतात. बँडविड्थ कमी करण्याचा उपाय मात्र इथेही चालतो, कारण बाहेरचा रुंद पट्ट्यातला गोंगाटही त्या प्रमाणात खिडकीबाहेर राहतो. नॉइज फिगर सुधारणे आणि बँडविड्थ कमी करणे या दोन मार्गांतला हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

दुसरा त्रास नेमका उलट प्रकारचा असतो. जवळच एखादा शक्तिशाली ट्रान्समीटर असेल, मग तो वेगळ्या वारंवारतेवर का असेना, तर रिसीव्हरचा पहिला टप्पा त्याच्यामुळे दबतो आणि तुमचा क्षीण सिग्नल ऐकू येईनासा होतो. हे ओळखण्याची खूण अशी की गोंगाटाचा आकडा फारसा वाढलेला दिसत नाही, तरी दुवा काही ठरावीक वेळीच तुटतो. इथे संवेदनशीलता वाढवून हाल वाढतात. निवडक्षमता हवी, म्हणजे अँटेना आणि रिसीव्हर यांच्यामध्ये त्या पट्ट्यापुरता फिल्टर, सॉ फिल्टर (पृष्ठलहरींवर चालणारा छोटा फिल्टर) असला तरी चालेल. या बाबतीत स्वस्त सुपररीजनरेटिव्ह रिसीव्हर फारच कच्चे असतात. त्यांची खिडकी इतकी रुंद असते की आजूबाजूचे सगळेच आत येते. सेन्सरच्या कामासाठी ते मी सुचवत नाही, थोडे पैसे अधिक घालून सुपरहेटेरोडाइन पद्धतीचा, म्हणजे आलेला सिग्नल आधी एका ठरावीक वारंवारतेवर आणून गाळणारा, रिसीव्हर घ्यावा.

वारंवारता बदलावी का, असाही विचार मनात येऊ शकतो. २.४ गिगाहर्ट्झच्या तुलनेत ४३३ मेगाहर्ट्झला मोकळ्या अवकाशातली तूट सुमारे १५ डेसिबलने कमी आहे. पण वरच्या वारंवारतेला वाट अधिक खाते असा त्याचा अर्थ नाही. पाव तरंगलांबीची अँटेना वरच्या वारंवारतेला आकाराने लहान होते आणि म्हणून कमी ऊर्जा गोळा करते, तो फरक या आकड्यात दिसतो. तेवढ्याच आकाराची दिशादर्शी अँटेना लावली तर २.४ गिगाहर्ट्झला ही तूट भरून निघते, मात्र मग तिचे तोंड अचूक रोखावे लागते. झाडी आणि भिंती यांतून जाताना खालची वारंवारता खरोखरच सरस ठरते, म्हणून तुमची निवड मी बदलणार नाही.

राहिला प्रिअ‍ॅम्प्लिफायर. तो कुठे बसवता यावर सगळे आहे. रिसीव्हरच्या आधी केबलमध्ये गेलेला प्रत्येक डेसिबल नॉइज फिगरमध्ये जसाच्या तसा मिळवला जातो. १० मीटर केबलचे साडेतीन आणि रिसीव्हरचे ६ मिळून तुमची नॉइज फिगर साडेनऊ होईल. नॉइज फिगर १ आणि लाभ १५ डेसिबल असलेला प्रिअ‍ॅम्प्लिफायर वर, अँटेनाच्या मुळाशी लावला तर एकूण आकडा १.८ च्या आसपास येतो, म्हणजे पावणेआठ डेसिबलची कमाई. तोच खाली रिसीव्हरच्या तोंडाशी लावला तर आकडा ४.८ राहतो, कारण केबलमध्ये गेलेले परत येत नाही. मात्र बाहेरचा गोंगाट आधीच वर असेल तर यातला एकही डेसिबल पदरी पडणार नाही, आणि जवळ शक्तिशाली ट्रान्समीटर असेल तर पहिला टप्पा आणखी लवकर दबेल. शिवाय तुमची मॉड्यूल पोहोच-पावती पाठवत असतील, तर त्याच अँटेनावरून परत जाणारी शक्ती प्रिअ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरून तो जळू शकतो, म्हणून प्रक्षेपणाच्या वेळी त्याला बाजूला करणारा स्विच आवश्यक आहे. पावती असलेल्या दुव्यात दोन्ही दिशांचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो. एका टोकाची शक्ती किंवा एका टोकाचा प्रिअ‍ॅम्प्लिफायर फक्त एकच दिशा सुधारतो, दुसरी दिशा होती तिथेच राहते, आणि पावती न मिळाल्यामुळे सेन्सर तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवून बॅटरी रिकामी करतो.

तेव्हा माझा सल्ला असा की आधी ट्रान्समीटर बंद ठेवून गोंगाटाचा आकडा घ्यावा, आणि तो उणे ११० च्या वर असेल तर त्याचे कारण दूर करावे. मग रिसीव्हरची अँटेना, शक्य तर मॉड्यूलसकट, ६ मीटरवर न्यावी. या दोन कामांनंतर ६०० मीटरवर सरासरी सिग्नल उणे ७२-७३ डीबीएमच्या आसपास दिसायला हवा आणि पल्ला सव्वा किलोमीटरच्या घरात जायला हवा. सिग्नल यापेक्षा १० डेसिबलने कमी दिसला तर अँटेना, तिच्या खालच्या काड्या आणि कनेक्टर तपासावेत, कारण इतका फरक जमिनीमुळे पडत नाही. एवढे करूनही हवे ते अंतर गाठले नाही, तर अ‍ॅम्प्लिफायर आणि प्रिअ‍ॅम्प्लिफायर दोन्ही सोडून द्यावेत आणि दोन्ही टोकांची मॉड्यूल बदलून कमी वेगाची लोरा मॉड्यूल घ्यावीत, आजचीच शक्ती किंवा नियमात बसेल ती कमी शक्ती ठेवून.